फॉन्गपुईच्या ऑर्किडांना भेटायला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिझोरमच्या दक्षिणेला, म्यानमारच्या चिन टेकड्यांच्या शेजारी फॉन्गपुई नावाचा डोंगर आहे. दुरून तो निळसर धुक्यात बुडालेला दिसतो, म्हणून इंग्रजीत त्याला ‘ब्लू माउंटन’ म्हणतात. माथा २१५७ मीटर, मिझोरममधला सगळ्यांत उंच. डोंगराभोवतीचं सुमारे ५० चौरस किलोमीटर जंगल हे राष्ट्रीय उद्यान आहे. कास आणि आंबोली करून झालेले मित्र ‘आता खरी रानातली ऑर्किडं बघायचीत, कुठे जाऊ?’ असं विचारतात, तेव्हा मी हे नाव सांगतो. मग प्रश्नांची रांग लागते. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

इतक्या लांब कशाला? ऑर्किडं आपल्या सह्याद्रीत नाहीत का?

आहेत, आणि ती आधी बघून घ्या. पावसाच्या तोंडावर कोकणात, घाटात सीतेची वेणी फुलते, तीच आसामात ‘कोपौ फूल’ होते आणि बिहू नाचणाऱ्या मुली ती अंबाड्यात माळतात. ही एक ओळख मनात ठेवून ईशान्येत गेलात तर परकं वाटत नाही.

पण ईशान्येकडच्या डोंगरांत हिमालयाची आणि ब्रह्मदेशाची वनसंपदा एकमेकींत मिसळते. पाऊस भरपूर, धुकं कोरड्या महिन्यांतही येतं, आणि उंची इतकी की एकाच दिवसाच्या चालीत उष्ण जंगलातून थंड जंगलात जाता येतं. ऑर्किडांना याहून अधिक काय हवं? सह्याद्रीत एखादं फूल सापडलं की आपण हरखतो. इथे कधीकधी एकाच जुन्या झाडावर चार-पाच जातींची बिऱ्हाडं दिसतात. फॉन्गपुई आपल्या कळसूबाईपेक्षा पाचशे मीटरने उंच आहे. उद्यानाचं क्षेत्र मात्र बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या निम्म्याइतकंच. एवढ्याशा जागेत ही श्रीमंती आहे.

कोणत्या महिन्यात जाऊ?

याचं उत्तर थोडं मन मोडणारं आहे. पर्यटकांना उद्यानात जाण्याचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात, म्हणजे मेपासून ऑक्टोबरपर्यंत, रस्ते खचतात, दरडी येतात आणि पायवाटा जळवांच्या ताब्यात असतात. आणि ज्या निळ्या व्हॅन्डा या ऑर्किडासाठी बहुतेकांना जायचं असतं, तो ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत फुलतो. दोन्ही गोष्टी जुळतात त्या फक्त नोव्हेंबरच्या पहिल्या काही आठवड्यांत. पाऊस लांबला तर तेही हुकतं.

म्हणून आधी काय बघायचंय ते ठरवा. निळा व्हॅन्डाच हवा असेल तर नोव्हेंबरचा आरंभ गाठा, आणि तो नाही दिसला तरी चालेल अशी मनाची तयारी ठेवून जा. नुसता ‘फुललेला डोंगर’ बघायचा असेल तर मार्चचा शेवट आणि एप्रिल. तेव्हा डेन्ड्रोबियम या ऑर्किडांच्या जाती फुलू लागतात, आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या लालभडक फुलांनी झाडं पेटलेली असतात. मिझो लोक त्याला ‘छॉख्लेई’ म्हणतात. पांढऱ्या फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन व्हिचिॲनमही याच डोंगरावर आहे. तो दुसऱ्या झाडांच्या खांद्यावर वाढतो, त्यामुळे लांबून बघणारा त्यालाच ऑर्किड समजतो.

मार्च-एप्रिलची एक अडचण आधीच सांगून ठेवतो. झूम, म्हणजे फिरत्या शेतीसाठी तोडलेलं रान मार्चमध्ये जाळतात, त्यामुळे हवा धुरकट असते आणि दूरची डोंगररांग दिसत नाही. दृश्यासाठी जाणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारी निवडावा. आकाश स्वच्छ असतं, छिमतुईपुई नदीची वळणं वरून दिसू शकतात. फुलं मात्र तेव्हा सगळ्यांत कमी.

निळा व्हॅन्डा खरंच निळा असतो का?

निळ्या आणि जांभळ्याच्या मधला. पाकळीवर गडद रेघांची जाळी असते, एखाद्या जुन्या इंदुरी साडीच्या पोतासारखी. एकेका दांड्यावर दहा-पंधरा फुलं येतात आणि ती कित्येक आठवडे टिकतात. वनस्पतिशास्त्रातलं नाव व्हॅन्डा सेरुलिया. फुलझाडांच्या दुकानात तुम्ही जे निळे-जांभळे व्हॅन्डा बघता, त्यांच्यातल्या पुष्कळ संकरांच्या वंशात हा डोंगरातला पूर्वज आहे.

त्याची गोष्ट माहीत असावी असं मला फार वाटतं. विल्यम ग्रिफिथ या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो १८३७ साली आजच्या मेघालयातल्या खासी टेकड्यांत दिसला. पुढे १८५० मध्ये जोसेफ हूकर तिथे गेला आणि लंडनच्या क्यू उद्यानासाठी त्याने या ऑर्किडची सात हमालांची ओझी गोळा केली. सात माणसांना वाहून न्यावी लागतील इतकी झाडं! त्यातली इंग्लंडला जिवंत पोचली ती थोडीच. दुसऱ्या एका गृहस्थाने पाठवलेलं एकच ओझं, तेही खराब अवस्थेत पोचलेलं, तिकडे ३०० पौंडांना विकलं गेलं. मग काय, जो तो डोंगर ओरबाडायला निघाला. फुलाच्या रूपाने फुलाचाच घात केला.

आणि लाल व्हॅन्डा?

लाल व्हॅन्डा हे मिझोरमचं राज्यफूल. मिझो नाव ‘सेन्हरी’, शास्त्रीय नाव रेनन्थेरा इम्सकूटियाना. लालकेशरी फुलांची फांदी आडवी पसरते तेव्हा पानांत फुलपाखरांचा थवा बसल्यासारखा वाटतो. तो उन्हाळ्याच्या सुमारास फुलतो आणि माथ्यापेक्षा खालच्या, उबदार उतारांवरचा आहे. त्यामुळे माथ्यावर त्याला शोधू नका. रानातून त्याची इतकी लूट झाली की आंतरराष्ट्रीय व्यापार रोखणाऱ्या साइट्स करारात त्याचं नाव सर्वांत कडक, म्हणजे पहिल्या परिशिष्टात आहे. निळा व्हॅन्डाही आधी त्यातच होता, २००५ पासून तो दुसऱ्या परिशिष्टात आला.

फुलं नसतील तेव्हा ऑर्किड ओळखायचं कसं?

हा प्रश्न कोणी विचारला की मला आनंद होतो, कारण ज्याला हे जमलं त्याची सहल कधीच फुकट जात नाही.

मान वर करायची सवय लावा. जमिनीवर बघत चालणाऱ्याला इथली निम्मी ऑर्किडं दिसतच नाहीत. शेवाळलेल्या जाड फांद्या, खोडाची बेचकी, कड्याची सावलीतली बाजू अशा जागी थांबा. व्हॅन्डाची पानं पट्ट्यासारखी, समोरासमोर दोन ओळींत लागलेली असतात आणि खोडातून बोटाएवढी जाड मुळं हवेत लोंबतात. मुळं कोरडी असताना पांढुरकी, टोकाशी हिरवी. त्यांवर स्पंजासारखं आवरण असतं, ते धुक्यातलं पाणी टिपून घेतं. सकाळी धुकं येऊन गेल्यावर बघा, तीच मुळं हिरवट झालेली दिसतात. डेन्ड्रोबियमच्या छड्या उसाच्या कोवळ्या पेरांसारख्या, पुष्कळदा पानंही गळून गेलेल्या. त्या वाळल्यासारख्या दिसल्या तरी मेलेल्या नसतात, त्यांच्या पेरांत पाणी आणि अन्न साठवलेलं असतं. सिलोजिनीसारख्या जातींना खोडावर हिरवे फुगीर कंद असतात, छोट्या लिंबांसारखे एकमेकांना चिकटलेले.

जमिनीवरची बरीचशी ऑर्किडं हिवाळ्यात दिसणारच नाहीत. कासवरची हबेनारिया आठवा: पावसात उगवते, फुलते आणि पुन्हा मातीतल्या कंदात निजते. डोंगरावरच्या फारपाक या गवताळ माळावर चालताना पायवाट सोडायची नाही ती एवढ्याचसाठी. तुमच्या बुटाखाली काय निजलंय ते तुम्हाला दिसत नसतं.

ऑर्किडं म्हणजे बांडगुळंच ना? झाडाला त्रास होत नाही?

नाही. बांडगूळ झाडाच्या आत मुळी घुसवून त्याचा रस पितं. ऑर्किड झाडाकडे फक्त उंच बसायला जागा मागतं. पाणी हवेतलं, अन्न सालीवर साचलेल्या पालापाचोळ्यातलं. आपल्याकडे आंब्यावरची सीतेची वेणी ‘बांडगूळ’ म्हणून कोयत्याने खरवडून काढतात, ते बघवत नाही.

परवाने कोणते लागतात?

दोन. मिझोरममध्ये शिरायला इनर लाइन परमिट, आणि उद्यानात शिरायला वनखात्याची परवानगी.

इनर लाइनची ही पद्धत १८७३ च्या कायद्यापासून चालत आलेली आहे आणि भारतीय नागरिकालाही ती चुकत नाही. परमिट ऑनलाइन मिळतं, राजधानी ऐझॉलजवळच्या लेंगपुई विमानतळावर उतरल्यावरही काढता येतं. कोलकाता, गुवाहाटी, दिल्ली इथल्या मिझोरम हाउसमध्येही ते देतात. ओळखपत्राच्या आणि फोटोंच्या चार-पाच प्रती जवळ ठेवा, दक्षिणेकडे जाताना त्या पुन्हा पुन्हा मागितल्या जातात. तात्पुरतं परमिट साधारण १५ दिवसांचं असतं. एवढ्या लांबच्या सहलीला ते पुरतं, पण वाटेत दरड कोसळून दोन दिवस गेले तर मुदतीकडे लक्ष द्यावं लागतं.

परदेशी पारपत्र असलेल्या मराठी मंडळींसाठी वेगळा नियम आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मिझोरमला संरक्षित क्षेत्राचे नियम पुन्हा लागू झाले, त्यामुळे त्यांना संरक्षित क्षेत्राचा वेगळा परवाना लागतो. ओसीआय कार्ड आहे म्हणून सुटका नाही. तिकिटं काढण्याआधी हे पक्कं करा.

पुण्या-मुंबईहून पोचायचं कसं?

विमानाने कोलकाता किंवा गुवाहाटीमार्गे लेंगपुई. रेल्वेची सोय नवी आहे. बैराबी ते सैरांग हा ५१ किलोमीटरचा मार्ग सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाला, आणि ऐझॉलच्या उंबरठ्यापर्यंत गाडी आली. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी गुवाहाटीपासून रेल्वेने जावं. बोगदे आणि पुलांचा हा रस्ता स्वतःच एक सहल आहे.

खरा प्रवास ऐझॉलपासून सुरू होतो. लुंगलेईवरून लॉन्गत्लाई, सुमारे ३०० किलोमीटर. आकडा बघून ‘पुणे-कोल्हापूरपेक्षा थोडं जास्त’ असं म्हणू नका. सगळा रस्ता डोंगराच्या कडेने वळत जातो, दहा-बारा तास धरा. शेअर सुमो मिळतात, त्यांचं बुकिंग काउंटरवर आदल्या दिवशी करावं लागतं. पुढची सीट मागून घ्या, मागच्या रांगेत पोट ढवळतं. लुंगलेईत एक रात्र काढली तर शरीर आभार मानतं. लॉन्गत्लाईहून सांगाउ हा आणखी अर्ध्या दिवसाचा, अधिक खडतर रस्ता. पुढे थालत्लांग हे पायथ्याचं गाव, आणि तिथून फारपाकच्या माळापर्यंत चढ. तिथे वनखात्याचं विश्रामगृह आहे.

रविवारी प्रवास ठरवू नका. मिझोरममध्ये रविवार चर्चचा असतो, दुकानं आणि सुमो बंद असतात. हे विसरून वेळापत्रक आखल्यामुळे आमचा एक अख्खा दिवस लॉन्गत्लाईच्या खोलीत गेला होता. दुपारभर समोरच्या चर्चमधलं समूहगान ऐकत बसलो. गाणं सुंदर होतं, पण डोंगरावरचा दिवस गेला तो गेलाच.

एकूण किती दिवस हवेत?

ऐझॉल ते ऐझॉल आठ दिवस. सहा दिवसांत जमतं असं काही जण म्हणतात, पण त्यात डोंगरावर एकच सकाळ मिळते. नेमकं त्याच सकाळी धुकं उतरलं की मग हाती काही लागत नाही.

चढ किती अवघड आहे?

राजगड किंवा हरिश्चंद्रगड दमल्याशिवाय करणाऱ्याला झेपेल. दोर वगैरे काही लागत नाही. पश्चिमेकडचा थ्लाझुआंग खाम हा कडा मात्र सरळ तुटलेला आहे. तिथे दगड निसरडे, वारा जोराचा, कठडा नाही. या कड्यात आत्म्यांचं वास्तव्य असतं, असं जुन्या मिझो समजुतीत मानतात, आणि फॉन्गपुई हा डोंगरच देवांचं घर मानला जात असे. कड्याच्या टोकाशी सेल्फी काढणाऱ्याला वाटाड्या ओरडतो. त्याचं ऐका.

आणखी एक, अंधार लवकर पडतो. आपण भारताच्या पूर्व टोकाला असतो आणि घड्याळ मात्र तेच. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. चालायला पहाटेच निघा.

वाटाड्या घ्यायलाच हवा का?

हो. वाट चुकू नये म्हणून तर हवाच, पण ऑर्किडं कुठे आहेत ते त्यालाच ठाऊक असतं. या भागातले लोक लाई जमातीचे आहेत, लॉन्गत्लाई हे त्यांच्या स्वायत्त जिल्हा परिषदेचं मुख्यालय. गावात हिंदी फारशी चालत नाही, थोडं इंग्रजी चालतं. दोन मिझो शब्द पाठ करा: भेटल्यावर ‘चिबाई’, निरोप घेताना ‘का लॉम ए’ म्हणजे आभार. वडीलधाऱ्या पुरुषाच्या नावाआधी ‘पु’ आणि बाईंच्या नावाआधी ‘पी’ लावतात. आपण ‘काका-काकू’ म्हणतो तशी आपुलकी त्यात आहे.

सरहद्द जवळ आहे. २०२१ नंतर म्यानमारच्या चिन राज्यातून पुष्कळ कुटुंबं आसऱ्याला आली आहेत. त्यांचे फोटो काढू नका, आणि वाटाड्या नेईल त्यापलीकडे जाऊ नका.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

भात, डाळ, उकडलेल्या भाज्या मिळतात, उपाशी कोणी राहत नाही. ‘बाई’ नावाची पालेभाजीची पातळ भाजी दिसायला आपल्या अळूच्या फदफद्याची चुलत बहीण वाटते, पण तिच्यात बऱ्याचदा ‘सौम’ म्हणजे डुकराची आंबवलेली चरबी असते. आधी विचारा. जेवणाच्या वेळा वेगळ्या आहेत. भरपेट भात सकाळी आठ-नऊला आणि पुन्हा संध्याकाळी अंधार पडताना, मध्ये फक्त चहा. दुपारसाठी भडंग, दशम्या, शेंगदाण्याची चटणी असं काही नेलंत तर बरं. फारपाकला मुक्काम करायचा तर शिधा खालूनच न्यावा लागतो. दारू नेऊ नका, राज्यात दारूबंदी आहे.

पैसे, फोन, वीज?

एटीएमचं काम लॉन्गत्लाईतच उरका, पुढे रोख रक्कम लागते. फोनची रेंज कुठे असते, कुठे नसते. घरी तसं सांगून निघा. पॉवर बँक, बॅटरी आणि कानटोपी विसरू नका.

तब्येतीची काय काळजी घ्यायची?

दक्षिण मिझोरममध्ये मलेरिया पुष्कळ आहे, आणि गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफसही. लांब बाह्यांचा सदरा, पँट मोज्यात खोचलेली, मच्छरदाणी आणि डास पळवणारं मलम एवढं पाळाच. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. घरी परतल्यावर महिन्याभरात ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून अंगावर काढू नका. मिझोरमच्या जंगलातून आलोय हे वाक्य डॉक्टरांना सगळ्यांत आधी सांगा, म्हणजे योग्य तपासण्या लगेच होतात.

आईबाबांना इतका प्रवास झेपणार नाही. त्यांना काय दाखवू?

ऐझॉलपासून सुमारे ५० किलोमीटरवर ह्मुइफांग आहे. तिथलं जंगल मिझो सरदारांच्या काळापासून राखलेलं आहे, गाडी वरपर्यंत जाते. आणि सिक्कीमला जाणं होणार असेल तर पाक्योंगला राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र आहे.

ऑर्किडांशिवाय काय दिसेल?

पक्षी बघणाऱ्यांचं हे तीर्थ आहे. मिसेस ह्यूम्स फेझंट, म्हणजे मिझोरमचा राज्यपक्षी ‘वावू’, पहाटे गवताच्या कडेला येतो. ब्लिथ्स ट्रॅगोपानही इथे आहे. कड्यांवर गोरल आणि सेरो ही रानशेळीसारखी जनावरं. क्लाउडेड लेपर्डची नोंद आहे, पण तो दिसण्याची आशा धरून जाऊ नका.

कॅमेऱ्याची कोणती लेन्स न्यावी?

मॅक्रोच्या मोहात पडू नका. फूल तीस फूट वर असतं, टेलिफोटो कामाला येते. आणि एक दुर्बीण. फोटो टाकताना नेमकी जागा, जीपीएसचा ठिपका, वाटेतली ओळखीची खूण असं काही देऊ नका. चोरणाराही तेच वाचतो.

एखादं छोटंसं रोप आणलं तर काय बिघडतं?

कायद्याने गुन्हा होतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने वनस्पती आल्या तेव्हा यादीत मोजून सहा नावं होती, आणि त्यांतली तीन ऑर्किडांची: निळा व्हॅन्डा, लाल व्हॅन्डा आणि लेडीज स्लिपर. राष्ट्रीय उद्यानातून तर कुठलंच रोप उचलता येत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी ते जगत नाही. निळ्या व्हॅन्डाला थंड रात्री आणि धुकं लागतं, ते तुमच्या बाल्कनीत कुठून येणार? रानात त्याची जागा भरून निघायला वर्षं लागतात. ऑर्किडच्या एका शेंगेत हजारो बिया असतात, पण धुळीसारख्या, आत अन्नाचा कणही नसलेल्या. विशिष्ट बुरशीची गाठ पडली तरच बी रुजते, आणि रुजल्यावर पहिलं फूल यायला आणखी काही वर्षं. घरी हवंच असेल तर प्रयोगशाळेत वाढवलेलं रोप ओळखीच्या रोपवाटिकेतून घ्या. वाटेत कोणी पिशवीतलं रोप विकायला पुढे केलं तर किंमतही विचारू नका.

आणि वाऱ्याने पडलेल्या फांदीवरचं? ते तर मरणारच ना?

जमिनीवर पडून राहिलं तर बहुधा कुजेल, हे खरं. तरी ते पिशवीत टाकायचं नाही. वाटाड्याला किंवा वनरक्षकाला दाखवा. आमच्याबरोबरच्या वाटाड्याने अशी एक फांदी उचलली, शेजारच्या झाडाच्या बेचकीत ठेवली आणि बांबूच्या सालीने बांधली. मुळं सालीला टेकतील अशी दोनदा फिरवून बघितली, मग हात झटकून पुढे चालू लागला.